बाजारभावाचे पान प्रोग्रॅममधून मिळवताना

निफाड तालुक्यातील माझ्या मामांकडे दरवर्षी उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, भरला जातो, आणि एकदा तो भरला की चाळ कधी फोडायची, म्हणजे माल विकायला कधी काढायचा, हाच प्रश्न दिवाळीपर्यंत घरात चर्चेला असतो. आजचा भाव फोनवर कळतोच. पण लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड आणि चाकण या बाजारांतील आवक आणि दर महिनाभराचे एकाखाली एक दिसले, तर निर्णयाला काही आधार मिळेल, असे मामांचे म्हणणे होते. "तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस ना, मग रोज हे उतरवून ठेवणारं काहीतरी करून दे की," असे त्यांनी सांगितल्यावर मी हे काम अंगावर घेतले. भाव एका संकेतस्थळावर तक्त्याच्या रूपात रोज प्रसिद्ध होत होते, परंतु तेथे थोड्याच दिवसांचे आकडे राहत आणि मागचे निघून जात. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा असला, तरी तो हिशेबाच्या प्रणालींचा आहे. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचे पान प्रोग्रॅममधून मागवून त्यातला मजकूर वेगळा काढण्याचे काम मी मुळापासून याच निमित्ताने केले.

कोणतेही पान स्क्रेप करण्यापूर्वी, म्हणजे त्यातला मजकूर प्रोग्रॅमने उचलण्यापूर्वी, तीच माहिती प्रोग्रॅमसाठी वेगळी दिलेली आहे का, हे आधी पाहावे. केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर देशभरातील बाजारांचे दैनंदिन दर एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमसाठीच ठेवलेल्या वाटेने, मिळतात; नोंदणी करून आपली किल्ली घेतली की किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर जेसन या प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात येतात. ज्यांना केवळ दर हवे आहेत त्यांनी तेथेच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण एपीआयमधील रकाने पानाच्या रंगरूपाबरोबर बदलत नाहीत. आम्हाला मात्र दरासोबत आवकही हवी होती. भाव पडला तो माल जास्त आला म्हणून की मागणी कमी झाली म्हणून, हे आवकेच्या आकड्याशिवाय समजत नाही, आणि चाळ फोडण्याचा निर्णय नेमका त्यावरच अवलंबून असतो. म्हणून पानाकडे वळावे लागले.

तयार लायब्ररी (इतरांनी लिहून ठेवलेला कोड) वापरण्याआधी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात काय देवाणघेवाण होते, ते मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. त्यासाठी उदाहरणांकरिताच राखून ठेवलेल्या 'एक्झाम्पल डॉट कॉम' या पत्त्याच्या ८० क्रमांकाच्या पोर्टला, म्हणजे सर्व्हरच्या त्या दाराला, मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सॉकेटमधून थेट जोडणी केली आणि हाताने लिहिलेल्या ओळी पाठवल्या. पहिल्या ओळीत 'गेट', मग एक तिरकी रेघ आणि मग एचटीटीपी या वेबवरील देवाणघेवाणीच्या नियमांची १.१ ही आवृत्ती. दुसऱ्या ओळीत 'होस्ट' आणि त्यापुढे संकेतस्थळाचे नाव. आणि शेवटी एक पूर्ण रिकामी ओळ. ही रिकामी ओळ पोहोचेपर्यंत सर्व्हर उत्तर देत नाही, कारण विनंती संपल्याची खूण तीच असते. उत्तराची रचनाही तशीच निघाली: वर २०० हा 'सर्व ठीक' असे सांगणारा स्टेटस कोड, त्याखाली उत्तराची माहिती देणाऱ्या हेडरच्या ओळी, मग रिकामी ओळ आणि त्यानंतर पानाचा एचटीएमएल मजकूर. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत १९९१ च्या सुमारास चालवलेल्या पहिल्या आवृत्तीत विनंती एका ओळीची होती आणि उत्तराला हेडर नव्हतेच. होस्टची ओळ सक्तीची झाली ती १.१ या आवृत्तीत, कारण तोवर एकाच आयपी पत्त्यावर (इंटरनेटवरील यंत्राच्या क्रमांकावर) अनेक संकेतस्थळे राहू लागली होती. याच आवृत्तीत उत्तर दिल्यानंतरही जोडणी उघडी ठेवली जाते. त्यामुळे उत्तर कोठे संपले हे सहसा हेडरमधल्या लांबीवरून ठरवावे लागते, नाहीतर प्रोग्रॅम आणखी काही येईल या अपेक्षेने वाट पाहत राहतो. हे एकदा हाताने करून पाहिल्यावर पुढे लायब्ररी कोणती कामे आपल्यासाठी परस्पर करते, ते मला नीट उमगले.

प्रत्यक्ष कामासाठी मी पायथनची 'रिक्वेस्ट्स' ही लायब्ररी घेतली. तिच्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: आपण वेळेची मर्यादा दिली नाही, तर ती स्वतःहून कोणतीही मर्यादा लावत नाही. सर्व्हरने जोडणी घेतली आणि उत्तरच दिले नाही, तर पहाटे सुरू झालेला प्रोग्रॅम संध्याकाळीही तेथेच उभा असलेला सापडू शकतो. म्हणून प्रत्येक विनंतीला मर्यादा द्यायची आणि उत्तर आल्यावर स्टेटस कोड तपासायचा, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून घेतले.

त्यानंतरचा अडथळा प्रमाणपत्राचा, म्हणजे सर्व्हर तोच आहे हे पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याचा, होता. तेच पान ब्राउझरमध्ये विनातक्रार उघडत होते, आणि प्रोग्रॅम मात्र प्रमाणपत्र देणाऱ्याची ओळख पटत नसल्याचे सांगून थांबत होता. कारण असे की, सर्व्हरचे प्रमाणपत्र थेट मूळ संस्थेच्या सहीचे नसते. दोघांच्या मध्ये आणखी एक प्रमाणपत्र असते आणि ते सर्व्हरने सोबत पाठवणे अपेक्षित असते. या सर्व्हरकडून ते पाठवले जात नव्हते. आजचे ब्राउझर अशी मधली प्रमाणपत्रे स्वतः मिळवतात किंवा आधीच बाळगतात, पायथन तसे करत नाही. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे प्रमाणपत्राची तपासणीच बंद करणे. तो मी केला नाही आणि कोणी करू नये असे मला वाटते, कारण तपासणी बंद केली की आकडे खरोखर त्याच सर्व्हरकडून आले आहेत याची खात्री कोणालाच देता येत नाही, आणि या आकड्यांवर एका कुटुंबाचा वर्षाचा माल विकला जाणार होता. मी ते मधले प्रमाणपत्र ते देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवले, प्रोग्रॅमच्या विश्वासाच्या यादीत घातले, आणि तपासणी चालू ठेवूनच पान मिळवले.

पान आले, पण त्यात तक्ता रिकामा होता. शीर्षकाची ओळ होती: बाजार समिती, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. खाली एकही आकडा नव्हता. ब्राउझरमध्ये दिसणारे पान आणि सर्व्हरने पाठवलेले पान या दोन वेगळ्या वस्तू असू शकतात, हे येथे अगदी स्पष्ट झाले. शेतमालाच्या यादीतून कांदा निवडला की पानातली जावास्क्रिप्ट सर्व्हरकडे दुसरी विनंती पाठवते आणि आलेल्या ओळी तक्त्यात भरते. ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्सचा नेटवर्क विभाग उघडून मी यादीतून कांदा निवडला, तेव्हा तेथे एक नवी नोंद उमटली. तिच्यात पत्ता होता, 'पोस्ट' ही माहिती सोबत पाठवण्याची पद्धत होती आणि सोबत कांद्याचा सांकेतिक क्रमांक पाठवलेला होता. तीच विनंती प्रोग्रॅममधून पाठवल्यावर सर्व ओळी हाती आल्या. अशा वेळी अनेक जण प्रोग्रॅममधून संपूर्ण ब्राउझर चालवण्याचा मार्ग धरतात. काही पानांना तो लागतोही. परंतु एका तक्त्यासाठी चित्रे, फॉन्ट आणि स्क्रिप्ट यांचा सगळा भार आपल्या यंत्रावर आणि त्यांच्या सर्व्हरवर टाकणे मला योग्य वाटले नाही.

सर्व्हरवरच्या भाराचा विचार केल्यावर आपण तेथे कोणत्या नावाने जातो, हाही प्रश्न आला. प्रत्येक विनंतीसोबत 'युजर-एजंट' नावाचे हेडर जाते, आणि आपण ते दिले नाही तर रिक्वेस्ट्स लायब्ररी स्वतःचे नाव आणि आवृत्ती लिहून पाठवते. काही सर्व्हर असे नाव पाहताच ४०३ हा मनाईचा कोड देऊन नकार देतात, म्हणून पुष्कळ जण तेथे एखाद्या ब्राउझरचे नाव घालतात. मी प्रोग्रॅमचे नाव, तो कशासाठी आहे हे एका वाक्यात, आणि माझा ईमेल पत्ता घातला, जेणेकरून तेथील व्यवस्थापकाला त्रास वाटला तर तो मला कळवू शकेल. त्याआधी त्या संकेतस्थळाची रोबोट्स फाइल वाचली. प्रोग्रॅमनी कोणत्या भागात येऊ नये हे साध्या मजकुरात लिहून ठेवण्याची ही पद्धत मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली, आणि तिला औपचारिक मानकाचे रूप मिळाले ते थेट २०२२ मध्ये. तिचे पालन कोणी सक्तीने करवून घेत नाही. ती विनंती आहे, आणि ती मानण्यातच आपले सौजन्य असते. तक्त्याचा पत्ता तेथे वर्ज्य नव्हता. तरीही दिवसातून ठरावीक वेळीच जायचे, दोन विनंत्यांमध्ये काही सेकंद थांबायचे, आणि ४२९ हा 'विनंत्या फार झाल्या' असे सांगणारा कोड आला तर सोबतच्या हेडरमध्ये सांगितले असेल तेवढा वेळ थांबायचे, असे नियम मी प्रोग्रॅममध्ये घातले.

आता मजकुराकडे येतो, कारण माझा सर्वाधिक वेळ तेथे गेला आणि मराठी पानांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटणारच आहे. आलेल्या ओळी छापून पाहिल्या, तेव्हा 'मनमाड'च्या जागी एक विचित्र माळ दिसली: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यापुढे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह, त्यापुढे वर्तुळातला आर, पुन्हा तोच ए, तेच चलनचिन्ह आणि दुसरेच काही. 'येवला' या नावात मध्येच जपानी येनचे चिन्हही होते. मजकूर खराब झाला असावा असे प्रथमदर्शनी वाटते, पण तो खराब झालेला नसतो. त्यातला एकही बाइट, म्हणजे ० ते २५५ मधला एकही आकडा, हरवलेला नसतो. यूटीएफ-८ या आज प्रचलित असलेल्या संकेतप्रणालीत, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत, देवनागरी पट्ट्यातील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यांतला पहिला नेहमी २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५ असतो, आणि नेमके अक्षर तिसऱ्यावरून ठरते. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. हेच तीन बाइट पश्चिम युरोपीय भाषांच्या जुन्या संकेतप्रणालीने वाचले, तर पहिल्याचा तिरकी रेघवाला ए होतो, दुसऱ्याचे चलनचिन्ह आणि तिसऱ्याचा वर्तुळातला आर. त्याच हिशेबाने काना, ज्याचा शेवटचा बाइट १९०, तो पाऊण या अपूर्णांकाच्या चिन्हात दिसतो. 'ड'चे उलटे उद्गारचिन्ह होते. आणि मात्रेचा दुसरा बाइट १६५ असल्यामुळे 'ये' लिहिले की येन हजर होतो. ही ओळख एकदा पटली की पडद्यावर तसा कचरा दिसताच मूळ मजकूर यूटीएफ-८ आहे आणि तो चुकीच्या प्रणालीने वाचला जात आहे, हे एका नजरेत सांगता येते.

कारण हेडरमध्ये होते. मजकूर एचटीएमएल आहे एवढे सर्व्हर सांगत होता, पण संकेतप्रणाली कोणती ते सांगत नव्हता. आणि अशा वेळी रिक्वेस्ट्स ही लायब्ररी एचटीटीपीच्या जुन्या नियमाला धरून ती पश्चिम युरोपीय प्रणालीच गृहीत धरते. पूर्ण पान असते तर त्यातल्या 'मेटा' टॅगवरून (टॅग म्हणजे पानाच्या रचनेची कंसातली खूण) खरी प्रणाली ओळखता आली असती. येथे केवळ तक्त्याच्या सुट्या ओळी येत असल्यामुळे तो टॅगही नव्हता. म्हणून लायब्ररीने तयार केलेला मजकूर न घेता मूळ बाइट घेतले आणि ते यूटीएफ-८ म्हणून वाचायला सांगितले.

टॅगमधून मजकूर वेगळा करण्यासाठी 'ब्युटिफुल सूप' ही लायब्ररी पुरेशी ठरली. येथे पार्सर, म्हणजे टॅग उलगडून वाचणारा भाग, निवडताना मात्र लक्ष द्यावे लागते: एचटीएमएल-५ चे नियम काटेकोर पाळणारा पार्सर तक्त्याबाहेर आलेल्या ओळींचे टॅग टाकून देतो आणि सगळे आकडे एकाला एक चिकटून उरतात, तर पायथनचा अंगभूत पार्सर त्या ओळी तशाच ठेवतो. तारीख प्रत्येक ओळीत नव्हती. सर्व रकाने व्यापणाऱ्या एका ओळीत तारीख आणि तिच्याखाली त्या दिवसाचे बाजार, अशी मांडणी होती. एकच खाना असलेली ओळ दिसली की ती तारीख समजायची आणि पुढची तारीख येईपर्यंत खालच्या ओळींना तीच लावायची, एवढ्यावर ते सुटले. काही आकडे देवनागरी अंकांत होते. त्यांची मला काळजी होती, पण पायथन ३ मध्ये मजकुराची संख्या करणारे फंक्शन देवनागरी अंक जसेच्या तसे स्वीकारते. हजारांचा स्वल्पविराम तेवढा आधी काढावा लागतो.

पुढे मामांच्या सांगण्यावरून सोलापूर आणि कऱ्हाड हे बाजार जोडले, आणि कऱ्हाडने एक नवा पेच समोर आणला. काही दिवशी कऱ्हाडची ओळ सापडत असे आणि काही दिवशी नाही, जरी पानावर ती डोळ्यांना दिसत होती. दोन्ही दिवशींचे बाइट शेजारी ठेवून पाहिल्यावर उलगडा झाला. आपला 'ऱ्ह' संगणकात एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो: खाली नुक्ता (टिंब) असलेल्या 'ऱ'चा स्वतंत्र क्रमांक आणि हलन्त, किंवा साधा 'र', नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे, शून्य रुंदीचे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखी दिसतात, आणि आकडे भरणारी व्यक्ती कोणता कीबोर्ड वापरते यावर त्यांतले कोणते उमटेल हे ठरते. पहिली दोन रूपे युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, प्रमाणीकरणाने एक होतात, आणि पायथनमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. तिसऱ्याचे तसे होत नाही. त्याची अदलाबदल स्वतः लिहावी लागते. मराठीत या अर्ध्या 'ऱ'ची गरज तऱ्हा, वऱ्हाड, सुऱ्या अशा कितीतरी शब्दांत पडत असल्यामुळे, मराठी मजकुराची तुलना करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ही दुरुस्ती सुरुवातीलाच असायला हवी, असे मी आग्रहाने म्हणेन.

मागील वर्षांच्या आकड्यांसाठी मी एका बाजार समितीच्या जुन्या पानांकडेही गेलो. ती पाने युनिकोड रुजण्यापूर्वीच्या वळणाची होती: पानाच्या आत केवळ रोमन अक्षरे आणि चिन्हे, आणि विशिष्ट फॉन्ट असला तरच त्यांना देवनागरी आकार. डोळ्यांना जे मराठी दिसते, ते प्रोग्रॅमच्या हाती मराठी म्हणून येतच नाही. कोणत्या चिन्हाचे कोणते अक्षर याचा तक्ता करून रूपांतर करावे लागते, आणि केवळ तेवढेही पुरत नाही, कारण क्रम वेगळा असतो. 'पिंपळगाव' लिहिताना अशा फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी आणि 'प' नंतर येतो, तर युनिकोडमध्ये 'प' आधी. 'सर्वसाधारण' या शब्दातला रफार फॉन्टमध्ये 'व'नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र तो 'र' आणि हलन्त होऊन 'व'च्या आधी बसतो. मोठ्या जोडचिन्हांची अदलाबदल आधी, सुट्या चिन्हांची नंतर, आणि वेलांटी व रफार यांची जागा सर्वांत शेवटी, या क्रमाने मजकूर शुद्ध मिळू लागला. गावांची नावे मोजकी असल्यामुळे प्रत्येक नाव यादीशी पडताळून पाहता आले. मोठ्या लेखांच्या बाबतीत हे काम कितीतरी अवघड असणार.

रोजच्या चालण्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते आकडा नसण्याचे अर्थ वेगळे ठेवणे. पान मिळालेच नाही, पान मिळाले पण त्यात बाजाराची ओळ नव्हती, आणि ओळ होती पण आवक शून्य होती, या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. नाशिक जिल्ह्यातील बाजारांत अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवण्याची प्रथा वर्षानुवर्षे होती. सणांच्या आणि बंदच्या दिवशीही ओळ येत नाही. अशा दिवशी प्रोग्रॅमने शून्य लिहिले, तर महिन्याची सरासरी खोटी ठरते आणि आवक एकदम कोसळल्याचा भास होतो. म्हणून तिन्हींची नोंद वेगळ्या खुणेने केली. त्यासोबत शीर्षकाची ओळ अपेक्षेप्रमाणे आहे का, सर्वसाधारण दर किमान आणि कमाल दरांच्या दरम्यान बसतो का, आणि वरची तारीख खरोखर आजची आहे का, हे तपासल्याशिवाय काहीही साठवले जात नाही. कोठे विसंगती दिसली तर प्रोग्रॅम थांबतो आणि मला संदेश पाठवतो.

आलेले मूळ बाइटही तारखेनिशी फाइलमध्ये जसेच्या तसे ठेवतो. मध्यंतरी तक्त्यात एक रकाना वाढला आणि आवक एका खान्याने पुढे सरकली. शीर्षकाच्या तपासणीने प्रोग्रॅम त्याच सकाळी थांबला, मी वाचण्याचा भाग बदलला, आणि अडलेल्या दिवसांची पाने जपून ठेवलेल्या फाइलींमधूनच पुन्हा वाचून घेतली. त्यासाठी सर्व्हरकडे एकही जादा विनंती पाठवावी लागली नाही.